तिसरा खांब

तिसऱ्या पायरीवरून रेवाने उडी मारली तेव्हा जयकर लोहारचे दोन्ही डोळे तिच्यावरच होते.

ही उडी काही नवी नव्हती. चार वर्षांची पोर रोज संध्याकाळी जिना चढायची, "बाबा, झेल!" म्हणून ओरडायची आणि अंग झोकून द्यायची. ज्याचा बाप देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये गोलकीपर, त्या पोरीने भ्यायचं कशाला? त्या दिवशीही जयकरला सगळं दिसलं. फ्रॉकमध्ये भरलेली हवा दिसली, एका पायातून सुटलेली चप्पल दिसली, पसरलेले इवले तळहात दिसले. त्याचे स्वतःचे हात मात्र दिसले नाहीत, कारण ते वर आलेच नाहीत. रेवा त्याच्या छातीला घासून खाली गेली आणि तिची हनुवटी फरशीवर आपटली.

पाच टाके पडले.

त्याची बायको वृषालीने दवाखान्यात रेवाला झोपवलं. मग दवाखान्याच्या बाकावर त्याच्याकडे न बघताच तिने विचारलं, "कुठं बघत होता तुम्ही?"

"मोबाईल वाजला."

"मोबाईल!" तिने मान हलवली. "अख्खी पेठ तुमच्या झेपांचे व्हिडिओ बघते. आणि पोटची पोर अंगावर येत होती तेव्हा मोबाईल?"

जयकर खाली मान घालून बसला. मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. पण बेफिकीर बाप म्हणवून घेणं त्याला त्यातल्या त्यात सोपं वाटलं. खरं काय ते त्याचं त्यालाच धड ठाऊक नव्हतं. गेले चार-पाच महिने असंच चाललं होतं. टेबलावरून पेला निसटायचा आणि तो पेल्याकडे बघत राहायचा. शेजाऱ्याने गाडीची किल्ली फेकली, ती कपाळावर बसली. दर वेळी त्याने हसून वेळ मारून नेली. आता हसायची सोय उरली नव्हती.

मैदानावर मात्र त्याचं एकदम झकास चाललं होतं. पस्तिसाव्या वर्षी तो आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ खेळत होता. त्याचं कारण होतं जर्सीच्या आत घालायचा एक पातळ, अंगाला चिकटून बसणारा पोशाख. कंपनीने त्याला लांबलचक नाव दिलं होतं. खेळाडू त्याला नुसतं 'कातडं' म्हणायचे.

अकरा मीटरवरून जोरात मारलेला चेंडू गोलरेषेवर यायला जेमतेम चार दशांश सेकंद लागतात. तेवढ्यात डोळ्यांनी बघायचं, मेंदूने ठरवायचं, मज्जातंतूंनी निरोप पोचवायचा आणि ऐंशी किलोच्या गड्याने हवेतून तीन मीटर जायचं, हे काही बसत नाही. म्हणून कीपर पूर्वीपासून अंदाजावर उडी मारत आले. पुढे असे कॅमेरे आले, की चेंडू मारणाऱ्याचं कंबरडं कसं वळतंय, टेकवलेला पाय कुठे तोंड करून आहे, यावरून चेंडू सुटायच्या आधीच दिशा सांगू लागले. अडचण होती ती कीपरला कळवायची. कानात सांगावं तर ऐकून समजेपर्यंत चेंडू जाळ्यात. त्यावर पुण्याच्या काही संशोधकांनी तोड काढली. मेंदूला विचारायचंच नाही. कातड्यातून मांडीच्या आणि खांद्याच्या स्नायूंना विजेचा बारीक धक्का द्यायचा, की स्नायू आपोआप आखडतो आणि माणूस उडतो.

यात एक गंमत त्यांना सापडली होती. माणूस स्वतः हलणार त्याच्या किंचित आधी, सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी अंतराने, धक्का आला, तर मेंदूला तो धक्का परका वाटतच नाही. आपणच हललो असं तो समजतो. कीपरला वाटतं, झेप माझीच, फक्त आज जरा चपळाई जास्त आहे. सात वर्षांपूर्वी लीगने परवानगी दिली. दोन वर्षांनी चेंडू मारणाऱ्यांसाठीही पोटरीला बांधायचे पट्टे आले. फटका मारताना पाऊल जरा वाकडं पडू लागलं की पट्टा ते सरळ करायचा. लोकांना खेळ आवडला. कोणाच्या अंगात काय आहे हे विचारणं हळूहळू थांबलं.

रेवाचे टाके निघाले त्याच दिवशी जयकर पुण्याला गेला. डॉक्टर इरावती पाध्ये त्याच संशोधकांपैकी एक. साठीच्या, बारीक, आवाज खालचा. त्यांनी त्याला एका खुर्चीत बसवलं आणि काही न सांगता रबराचा चेंडू त्याच्याकडे फेकला. चेंडू त्याच्या गालावर लागून जमिनीवर घरंगळत गेला. बाईंनी तो उचलला नाही.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासनं असेल."

"कोणाला सांगितलं?"

"कुणाला सांगू, मॅडम? गोलकीपरचे हात चालत न्हाईत म्हणून?"

त्याच्या कातड्याने दर मॅचला केलेल्या नोंदींचा आलेख त्यांनी पडद्यावर काढला. त्यात काळ्या आणि निळ्या रेघा होत्या. "काळी रेघ म्हणजे कातड्याचा धक्का. निळी म्हणजे तुमच्या मेंदूने स्वतः पाठवलेला निरोप. हे पहिलं वर्ष. काळी उठली की पाठोपाठ निळी आहेच. म्हणजे कातडं नसतं तरी तुम्ही उडी मारलीच असती, फक्त थोडी उशिरा. हे तिसरं वर्ष. निळी बुटकी झाली, बघा. हे पाचवं."

"आणि औंदाचं?"

बाईंनी पान सरकवलं. काळ्या रेघांची रांग होती. त्याखाली निळी रेघ सरळ पडून राहिली होती, वारा नसलेल्या तळ्यासारखी.

जयकरने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाला, "गोव्याची मॅच काढा. शेवटच्या मिनिटाची."

त्या मिनिटाला त्याने घेतलेल्या झेपेचं चित्र पेठेच्या भिंतीवर दोन मजली उंच रंगवलेलं होतं. त्याखालून शाळेला जाणारी पोरं भिंतीला हात लावून पुढे जायची.

बाईंनी शोधलं. "निळी नाही," त्या म्हणाल्या.

"मशीनची चूक असेल."

"मलाही तेच वाटावं अशी फार इच्छा आहे." त्यांनी चष्मा काढला. "मेंदू चिक्कू असतो, जयकर. एखादं काम दुसरं कोणी करतंय असं दिसलं, की तो त्यावर शक्ती खर्च करत नाही. वावरातली पायवाट बघा. माणसं जाताहेत तोवर वाट. चार पावसाळे कोणी गेलं नाही, तर गवत."

"पण मी चहा पितो. गाडी चालवतो. नाडी बांधतो."

"ती वाट वेगळी. आधी ठरवून केलेली हालचाल शाबूत आहे. जिथे ठरवायला वेळच नसतो, तिथली वाट बुजली आहे. मैदानावर कळत नाही, कारण तिथे कातडं आहे. घरी कळतं."

"परत येईल का?"

"माहीत नाही."

"अंदाजे सांगा."

"सात वर्षं सलग घातलेले तुम्ही पहिलेच. कोणत्या पुस्तकात बघू? काढून टाकलंत तर कदाचित वर्षा-दोन वर्षांत थोडं येईल. कदाचित येणारही नाही. घालत राहिलात तर मात्र येणार नाही, एवढं मी लिहून देते."

"कंपनीला ठाऊक आहे?"

"दोनदा कळवलं मी. उत्तर आलं, की मैदानावरची कामगिरी उत्तम आहे."

कोल्हापूरला परतताना बसमध्ये रस्ताभर जयकर एकच खेळ खेळत बसला. डाव्या हातातला रुमाल अचानक सोडायचा आणि उजव्या हाताने पकडायचा. पण सोडणाराही तोच, त्यामुळे आधीच ठरलेलं असायचं. रुमाल सापडायचा. त्याचं त्याला काही समाधान वाटेना.

कातडं काढायचं म्हणजे लीग सोडायची. तेवढं धाडस त्याला होईना. पण मनात एक वेडी आशा धरली त्याने. शेतात रान माजलं तरी खरी आग लागली की माणूस बुजलेल्या वाटेनेही पळतोच. तशी वेळ अंगावर ओढवून घ्यायची. एक खरी मॅच, कातड्याशिवाय, आपल्या माणसांपुढे. मग तरी हात जागे होतील.

आणि अशी मॅच कोल्हापुरातच होती.

कोल्हापूरचा फुटबॉल तालमींचा. लाल मातीत कुस्ती खेळलेल्या आजोबांचे नातू त्याच तालमीच्या नावाने चेंडू खेळतात. पेठांच्या स्पर्धेत जन्माने पेठेचा असलेला गडी, मग तो कुठेही मोठा झालेला असो, फायनलला हक्काने बोलावला जातो. जयकरची बुरूज तालीम. तिथे एक जुनी रीत होती, आणि सगळ्या तालमींनी ती उचलली होती. मैदानावर जायच्या आधी मारुतीपुढे पितळी परात ठेवायची. अंगठी, साखळी, घड्याळ, ताईत, जे असेल ते प्रत्येकाने परातीत काढून ठेवायचं. कातडी आणि पट्टे आले तेव्हा तेही परातीत गेले. त्यासाठी वेगळा नियम करावाच लागला नाही.

तालमीचे वस्ताद इसाक मुजावर. वय शहात्तर, स्वतः जुने गोलकीपर, दोन बोटं कायमची वाकडी. जयकरला त्यांनीच घडवलं. तो दारात दिसला तेव्हा ते कुस्तीच्या हौदात माती उकरत होते.

"आलास व्हय? सहा वर्षं फायनलला तुझं नाव लिवतोय, आन् सहा वर्षं खोडतोय."

"या वर्षी खोडू नका, वस्ताद."

"तुझा क्लब सोडंल?"

"इचारलंच न्हाई."

वस्ताद हसले. "मग खरंच आलास म्हणायचा!"

सकाळी सहाला सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी वस्तादांनी स्वतः सात-आठ फटके मारले. म्हाताऱ्या पायाचे फटके ते, पण सगळे आत गेले. जयकर जागचा हलला नाही. वस्ताद त्याच्याजवळ आले, खांदा चाचपला, कोपर चाचपलं.

"कुठं लागलंय?"

"न्हाई, वस्ताद."

"मग भ्यालायस. एकदा वाईट पडला की कीपर भितोय. माझंबी झालंतं. अंग मातीला लागलं की भीती जाती."

भीती असती तर किती बरं झालं असतं, असं जयकरच्या मनात आलं.  वस्तादांनी त्याला हौदात उभा केला. "डावीकडं!" म्हणाले की डावीकडे अंग टाकायचं. "उजवीकडं!" म्हणाले की उजवीकडे. शंभर वेळा, दोनशे वेळा. सांगून टाकलेलं अंग बरोबर पडत होतं. वस्तादांचे डोळे चमकले.

"आलं की रं! पेठेला सांगतो, वाघ उठला."

ही म्हाताऱ्याची चूक होती. हुकमावर पडणं वेगळं आणि चेंडूवर झेपावणं वेगळं. जयकरला ते ठाऊक होतं. तरीही तो रोज येत राहिला, कारण न येण्यापेक्षा ते बरं वाटत होतं. पण त्यातून एक युक्ती त्याच्या हाती लागली. चेंडूकडे बघायचंच नाही. आधी ठरवायचं आणि पडायचं. निदान उभं राहायची पाळी येणार नाही. कारण पेनल्टीला जो कीपर नुसता उभा राहतो, त्याला पेठांमध्ये माफी नसते. दोन खांब गोलाचे, हा तिसरा खांब. हे नाव एकदा लागलं की मरेपर्यंत लागतं. मधे उभं राहिलं तर पुष्कळ चेंडू अंगावरच येतात, हे गणितवाले कितीही सांगोत. उडी मारून हरलेला चालतो. उभा राहून हरलेल्याच्या दारावरून टिंगल करत मिरवणूक जाते.

फायनल नागझरी तालमीशी. दुपारी चारला मैदान गच्च भरलं. हलगी कडाडत होती. जयकरने कातडं आणलंच नव्हतं. परातीत त्याने लग्नातली अंगठी तेवढी ठेवली. नागझरीच्या बाजूला विराज इंगवले होता. लीगमध्ये दुसऱ्या एका क्लबकडून खेळणारा फॉरवर्ड, सव्वीस वर्षांचा. त्यानेही आपल्या तालमीच्या परातीत पोटरीचे दोन्ही पट्टे काढून ठेवले होते.

नव्वद मिनिटं जयकरने अनुभवावर काढली. कुठे उभं राहायचं ते त्याला कळत होतं. चेंडू यायच्या आधीच तो पुढे धावायचा, बचावपटूंना ओरडून जागा दाखवायचा. एक गोल झाला तेव्हा चेंडू त्याच्या कानाजवळून गेला आणि त्याने तो जाताना नीट पाहिला. "काय झोपला हैस काय, जया!" म्हणून मागून कोणी ओरडलं. बुरूजवाल्यांनी बरोबरी केली. एक-एक. टायब्रेकर.

बुरूजने पाचपैकी चार मारले. नागझरीच्या पहिल्या चार फटक्यांना जयकर आधीच ठरवून पडला. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे, परत डावीकडे. तीन चेंडू दुसऱ्या बाजूने आत गेले, एक आडव्या खांबावर आदळून बाहेर गेला. आता शेवटचा फटका विराजचा. गेला तर बरोबरी. अडला तर बुरूज जिंकणार.

जयकरने ठरवलं, उजवीकडे.

विराज धावत आला आणि जयकरने नको ती चूक केली. तो बघत राहिला. विराजची कंबर उघडली ती जयकरच्या डाव्या हाताकडे. चेंडू डावीकडे जाणार, हे जयकरला इतकं लख्ख दिसलं की आधी ठरवलेलं उजवीकडे मोडून पडलं. आणि मग, सात वर्षांच्या सवयीने, तो धक्क्याची वाट बघू लागला.

धक्का कुठून येणार?

डावीकडे, असं त्याने मनातल्या मनात ओरडून सांगितलं. पायांना सांगितलं, खांद्यांना सांगितलं, देवाला सांगितलं. तो दोन खांबांच्या बरोबर मधे, हात लोंबते ठेवून उभा राहिला. चेंडू त्याच्या छातीवर धाडकन बसला, उसळून हनुवटीला लागला आणि पुढे पडला. मग तो ठरवून चेंडूवर आडवा झाला.

 मग असा आवाज उठला की त्याला तो अंगावर कोसळल्यासारखा वाटला.

"हालला न्हाई, बघितलंस? डोळ्याची पापणी हालवली न्हाई गड्यानं!"

"काळीज हाय का दगूड!"

त्याला खांद्यावर घेऊन माणसं पेठेत आली. गुलालाने त्याचे डोळे भरले होते. म्हणून ते गळताहेत असंच सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृषालीने त्याच्यापुढे चहा ठेवला. "क्लबचा फोन होता," ती म्हणाली. "तुमच्या त्या उभं राहण्याची जाहिरात करणार म्हणे. नव्या मोसमात."

"वृषाली, मी उभा राहिलो न्हाई."

"मग काय केलंत?"

त्याने सगळं सांगितलं. पेला, किल्ली, पुणे, निळी रेघ. मोबाईल वाजला नव्हता हेही सांगितलं.  तिच्या चेहऱ्यावर दया येईल असं त्याला वाटलं होतं. तिथे आला तो राग.

"काल बारा हजार माणसांनी बघितलं तुम्हाला. चेंडू समोर असला की पापणी लवत नाही तुमची. आणि घरची पोर पडली तर त्याला आजार? मोबाईलचं तरी खरं वाटलं होतं मला."

"फेकून बघ काहीतरी. हा कप फेक."

"तमाशा नको," ती म्हणाली आणि रेवाला घेऊन आत गेली. तेव्हा जयकरला कळलं, की जिंकल्यामुळे खरं पटवून द्यायची होती तेवढी वाटही बंद झाली आहे. हरला असता, तिसरा खांब म्हणून लोक थुंकले असते, तर निदान घरात कोणी विश्वास ठेवला असता.

तीन दिवसांनी दुपारी विराज इंगवले दारात उभा. हातात पेढ्यांचा पुडा.

"जयादा, रीतीनं पेढे तू द्यायचेस. पण म्हटलं हारलेल्यानं दिलेलं जास्त गोड लागत्यात."

"ये, बस."

तो बसला. पुडा उघडलाच नाही. इकडचं तिकडचं बोलला आणि मग एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "एक खरं सांग. मी मधे मारणार हे तुला कसं कळलं?"

"तूच सांग की. सगळे डावी-उजवी करत हुते, तू मधे मारायचं कसं ठरवलंस?"

विराजने दाराकडे एक नजर टाकली. "ठरवलं न्हाई. तुझ्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात मारायचा हुता. पाऊल वळलंच न्हाई, दादा. पट्टा वळवतोय ना रोज. मी पळत आलो, आन् पाय नुसता पुढं गेला." त्याने दोन्ही हातांनी स्वतःची पोटरी दाबली, जणू ती दुसऱ्या कोणाची होती. "तू तरी ओळखलंस. तुझं तरी खरं हाय."

जयकरने त्याला आपलं सांगितलं. विराज आधी हसला, मग हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला.

"म्हंजे दोघांनीबी काय केलंच न्हाई? आन् लोकं फटाके वाजवत्यात?"

"असंच."

"दादा, हात जोडतो. रविवारी तुझा सत्कार हाय. तिथं काय बोलू नको. तुझी कारकीर्द कडेला आलीय. माझी आता कुठं सुरू झालीय."

"तुझं नाव घेत न्हाई," जयकर म्हणाला.

रविवारी सकाळी पेठेच्या चौकात मांडव घातला होता. पहिल्या रांगेत वृषाली, मांडीवर रेवा. मागे कोपऱ्यात नागझरीची चार माणसं, मोठ्या मनाने आलेली, त्यात विराज. वस्तादांनी वाकड्या बोटांनी जयकरला फेटा बांधला. तालमीच्या पोरांनी सह्या केलेला फायनलचा चेंडू त्याच्या हातात दिला. माईक पुढे आला.

"मी थांबलो न्हवतो," जयकर म्हणाला. "मला हालता आलं न्हाई. सात वर्षं जे माझ्या जागी हालत हुतं, ते माझ्या अंगावरच्या कातड्यात हुतं. त्या भिंतीवरचा जो हाय, तो मी न्हवं. माझी पोर माझ्या हातातनं पडली, ती मोबाईलमुळं न्हाई. माझे हात गेल्यात."

टाळ्या पडल्या. "नम्रपणा बघा!" असं कोणी म्हणालं. "एवढं मोठं होऊन पाय जिमिनीवर!" हलगीवाल्याने दोन टोले दिले.

जयकरने चेंडू वस्तादांच्या हातात ठेवला. तो स्वतः पाच पावलं मागे जाऊन उभा राहिला.

"मारा, वस्ताद."

"कुठं?"

"तोंडावर."

लोक हसले. हा काहीतरी खेळ आहे, आता वाघ चेंडू झडप घालून पकडणार. वस्तादांनीही हसत चेंडू टाकला, हळूच. तो जयकरच्या नाकावर लागला. हशा पिकला. जयकरने चेंडू उचलून परत दिला.

"जोरात मारा. तुम्ही शिकवलंय तसं."

दुसऱ्या वेळी वस्तादांनी खरोखर फेकला. फेटा मागे पडला, नाकातून रक्त आलं. हात मांड्यांशी तसेच. मांडवातलं हसू अर्ध्यात तुटलं. वस्ताद पुढे आले. त्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्यांना सगळं उमगलं. तीन आठवडे आपण भीतीवर औषध देत होतो, आणि भीती तिथे नव्हतीच.

"जया," ते म्हणाले, "लेका, सांगायचं न्हाईस व्हय?" आणि चेंडू त्यांच्या हातातून गळला.

चेंडू उचलला तो विराजने. तो कधी पुढे आला ते कोणी पाहिलं नाही. "वस्ताद, तुमच्यानं व्हायचं न्हाई," तो म्हणाला. मग लोकांकडे वळून, "ह्यो खरं बोलतोय. मला ठाव हाय. कारण मलाबी मधे मारायचा न्हवता." त्याचा आवाज फाटला. नागझरीच्या माणसांनी माना खाली घातल्या.

त्याने फेकलेला तिसरा चेंडू जयकरच्या ओठावर बसला. 

वृषाली उठली. रेवाला शेजारणीकडे देऊन ती मंचावर चढली. पदराने तिने त्याचं नाक पुसलं, ओठ पुसला.  मग त्याच्या पाठीमागे उभी राहून तिने त्याचे दोन्ही हात मनगटाला धरले आणि हळूहळू वर, त्याच्या तोंडापुढे आणले, की पुढचा चेंडू तरी लागू नये.

"धरू नको," जयकर म्हणाला.

"लागतंय तुम्हाला."

"लागू दे. परत कुणी धरलं तर हे हात कधीच उठायचे न्हाईत. सोड, वृषाली."

 मग तिने बोटं एकेक करून उघडली. हात खाली पडले, मांड्यांना लागून राहिले.

"हं, मार," जयकर विराजला म्हणाला.